'थंड वस्तरा'चा मूळ खुनी

न्यूयॉर्कहून फोन आला तेव्हा व्हर्ना ह्रोबाकचे हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले होते. ईस्टर चार दिवसांवर आला होता आणि धाकट्या बहिणीनं, पॉलीनं, अक्रोडाच्या सारणाचं पातेलं पुढ्यात ठेवून तिला गुंडाळ्या वळायला बसवलं होतं. फोन पॉलीनंच घेतला. मिनिटभर ऐकलं आणि तो कानापासून लांब धरून ओरडली, "व्हर्ने, कुणी मरीसा म्हणून पोरगी आहे. तुझ्या पुस्तकांचं विचारतेय. तू अजून आहेस की गेलीस, याचा तिला पत्ता नाहीये बहुतेक."

व्हर्ना एकोणऐंशी वर्षांची होती. तिनं सात गुन्हेकथा लिहिल्या होत्या आणि त्यातली शेवटची दुकानांतून नाहीशी होऊन पंचवीस वर्षं उलटली होती. ओहायो नदीच्या काठावरच्या हेझलपोर्टमध्ये आता तिला लेखिका म्हणून कुणी ओळखत नसे. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बिंगोच्या खेळाचे आकडे पुकारणारी ठसकेबाज आवाजाची बाई, एवढीच तिची ओळख उरली होती.

मरीसा एका प्रकाशनात संपादक होती. जुन्या गुन्हेकथांची एक मालिका ते काढत होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हा देश कशाला घाबरत होता, कशावर चिडत होता, ते या कथांतून जसं दिसतं तसं कुठंच दिसत नाही, असं तिचं म्हणणं. त्या मालिकेत तिला व्हर्नाची पहिली कादंबरी हवी होती. 'थंड वस्तरा', साल एकोणीसशे पंच्याहत्तर.

"पण मिस ह्रोबाक, स्पष्ट बोलू का?" मरीसा अडखळली. "आमची अडचण नवव्या प्रकरणाची आहे."

नववं प्रकरण व्हर्नाला पाठ होतं. एका सोनाराचा वस्तऱ्यानं खून होतो. लेफ्टनंट क्विगचा संशय अ‍ॅबनर टल नावाच्या काळ्या न्हाव्यावर जातो. पुरावा काहीच नसतो. मग क्विग त्याला पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत नेतो आणि जाडजूड टेलिफोन डिरेक्टरीनं बडवून काढतो, वळ उठू नयेत म्हणून. शेवटी न्हावी कबूल होतो आणि कबुली खरी निघते. त्या काळी वाचकांनी हे प्रकरण डोक्यावर घेतलं होतं. "आमच्या गावालाही एक क्विग पाठवा," अशी पत्रं यायची. एका वर्तमानपत्रानं लिहिलं होतं, कुणाच्या परवानगीसाठी न थांबणारा पोलीस अखेर भेटला.

"गेल्या उन्हाळ्यात देशात काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल," मरीसा म्हणाली. "पोलिसांनी त्या काळ्या माणसाला मारल्यावरचे मोर्चे, जाळपोळ, सगळं. आमच्या ऑफिसातल्या दोघांनी नववं प्रकरण अर्ध्यावर मिटून ठेवलं. मला पुस्तक आवडतं हो, मनापासून. पण असंच छापावं, बदलून छापावं, की तुमच्याकडून प्रस्तावना घ्यावी, आम्हाला काही कळेना. म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

यावर व्हर्ना जे बोलली ते बोलायचं तिनं ठरवलेलं नव्हतं.

"मुळात खुनी तो नव्हताच. मी लिहिलं तेव्हा खुनी पोलीस होता. क्विगचा जोडीदार, सार्जंट डॉयल. त्यांनी मला बदलायला लावलं."

 मग मरीसाचा आवाजच बदलला. "काय सांगताय! म्हणजे मूळ शेवट वेगळा होता? ते हस्तलिखित आहे तुमच्याकडे?"

"असेल गॅरेजमध्ये," व्हर्ना म्हणाली. त्या क्षणी तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता. तिला ते स्वच्छ दिसत होतं: न्यूयॉर्कमधला तो जुना संपादक, हॉवर्ड, त्याचा हिरवा टाय, आणि 'पोलीस खुनी? कोण विश्वास ठेवेल, बाई?' असं म्हणणारं त्याचं थोराड तोंड.

फोन ठेवून ती वळली, तर पॉली लाटणं हातात धरून तिच्याकडे टक लावून बघत होती.

"हे कधी झालं गं?"

"काय कधी झालं?"

"पोलीस खुनी वगैरे. अगं, ते पुस्तक टाइप कुणी केलं? मी. कार्बनचे कागद बदलून बदलून माझी बोटं आठवडाभर निळी होती. मला सांगतेस? खुनी सोनाराची बायको होती."

"बायको दुसऱ्या पुस्तकात होती, पॉले."

"दुसऱ्यात कारखान्याचा मालक होता."

"तो तिसऱ्यात."

"बरं बाई, तू लेखिका, तुला ठाऊक," पॉली म्हणाली. "काल चष्मा फ्रीजमध्ये कुणाचा सापडला, एवढं मात्र मला आठवतं."

गुंडाळ्या ओव्हनमध्ये गेल्यावर व्हर्नानं 'थंड वस्तरा'ची आपली एकुलती एक प्रत काढली आणि खिडकीशी वाचायला बसली. बेचाळीस वर्षांत तिनं ती उघडली नव्हती. सुरुवातीला बरं वाटलं. वाक्यं तुटक आणि धारदार होती, नदीवरचा धूर होता, पेट्रोलसाठी लागलेल्या रांगा होत्या, कारखान्यातून कमी केलेली माणसं भर दुपारी घराच्या पायऱ्यांवर बसलेली होती. पण पन्नासेक पानांनंतर तिला कसंतरी व्हायला लागलं. पुस्तकातला प्रत्येकजण घाबरलेला होता. बायका दाराला दुसरं कुलूप बसवत होत्या. बसमध्ये कोण कुठं बसतंय यावर नजरा होत्या. आणि ही भीती लेखिकेनं दुरून बघितलेली नव्हती. ती तिच्या स्वतःच्या पोटातली वाटत होती.

व्हर्ना त्या वर्षांत हेझलपोर्ट पोलीस ठाण्याच्या स्विचबोर्डवर काम करायची. चौदा वर्षं केलं. लोकांचे फोन घ्यायचे, चिठ्ठी लिहायची, गाडी पाठवायची. तिला आठवलं, दिवसातले निम्मे फोन एकाच प्रकारचे असत. "आमच्या रस्त्यावर एक काळा माणूस उभा आहे." "काय करतोय?" "उभा आहे." ती चिठ्ठीवर तेवढंच लिहायची: उभा आहे. गाडी जायची. तेच वाक्य जसंच्या तसं बाविसाव्या पानावर होतं, आणि तिथं ते वाचकाला सावध करण्यासाठी होतं.

मग तिनं बाकीची पुस्तकं मनातल्या मनात चाळली. कारखाना बंद पडला त्या वर्षी तिचा खुनी कारखान्याचा मालक होता. नंतर एकदा रशियन हिशेबनीस होता. हेझलपोर्टमध्ये रशियन हिशेबनीस कुठून येणार, हे तिला तेव्हा कुणी विचारलं नाही, तिनंही स्वतःला विचारलं नाही. मग गर्द विकणारा कॉलेजचा मुलगा. मग पाळणाघर चालवणारी बाई. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की खुनी आपण निवडतो. आता वाटलं, गाव त्या त्या वर्षी ज्याला घाबरलं होतं त्यालाच आपण पकडून आणलं.

'पण पहिल्या वेळी मी पोलिसाला धरलं होतं,' तिनं स्वतःला बजावलं. 'पहिल्या वेळी तरी.'

गॅरेजमध्ये जायला तिला आठ दिवस लागले. आधी ईस्टर झाला, मग गुडघा दुखायला लागला. तोवर मरीसानं इंटरनेटवर जाहीर करून टाकलं होतं: शेहेचाळीस वर्षांपूर्वी दाबून टाकलेला शेवट प्रथमच वाचकांसमोर. हेझलपोर्टच्या साप्ताहिकानं ते उचललं आणि व्हर्नाचा जुना फोटोही छापला. चर्चमध्ये दोघी-तिघींनी तिचे हात हातात घेतले. "त्या काळी असं लिहायची छाती होती तुझी!" म्हणाल्या. व्हर्ना हसली, आणि पॉलीनं शेजारून तिच्या बरगडीत कोपर मारलं.

खोका सापडला तो बर्फ ओढायच्या फावड्यामागे. वर टाइप केलेली कार्बन प्रत होती. व्हर्ना उलट्या बादलीवर बसली आणि तिनं सरळ शेवटचं प्रकरण काढलं.

खुनी न्हावी होता.

तिनं पुन्हा पहिलं पान बघितलं. तारीख चौऱ्याहत्तरच्या जानेवारीची. म्हणजे हॉवर्डला पाठवायच्या आधीची, मूळ प्रत. सार्जंट डॉयल त्यात सज्जन होता, त्याला तीन मुली होत्या.

खाली हॉवर्डची पत्रं होती. फेब्रुवारीच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं: "न्हावी नक्की ना? तिसऱ्या प्रकरणातच वाचकाला अंदाज येतो, कारण आजकाल सगळे त्याच्याकडेच बघतात. मला सार्जंट डॉयल जास्त आवडला असता. वॉशिंग्टनमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या चौकशीचं जे चाललंय ते पाहून, वर्दीतला माणूस गुन्हेगार निघाला तर आज कुणाला धक्का बसणार नाही. पण पुस्तक मात्र कुठल्या कुठं जाईल. विचार करा."

त्याला टाचणीनं तिच्या उत्तराची कार्बन प्रत जोडलेली होती. तीन ओळी. "विचार केला. इथं त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी माझं गाव ओळखते. खुनी न्हावीच."

खाली तिची सही होती. सहीतला तो मोठा, ऐटबाज 'व्ही' तिचाच होता, यात शंकाच नव्हती.

 तिला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही असती, पण लाज कुणाची वाटून घ्यायची हेच तिला उमगेना. पत्र लिहिणारी ती तिशीतली बाई तिला आठवतच नव्हती. हिरवा टाय आठवत होता, आणि तो टाय घातलेला माणूस तिच्या डोक्यात शेहेचाळीस वर्षं तिचीच वाक्यं बोलत आला होता. हे कधी झालं? तिनं ठरवून केलं की आपोआप? गेल्या उन्हाळ्यात टीव्हीसमोर बसून मोर्चे बघताना झालं का? की त्याच्याही आधी?

"सापडलं का?" दारातून पॉलीनं विचारलं.

व्हर्नानं पत्रं पुढे केली. पॉलीनं ती उभ्या उभ्या वाचली, चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे बायको नव्हती," ती म्हणाली. "मी तर शपथेवर सांगितलं असतं." मग बहिणीकडे बघून तिचा आवाज खाली आला. "चल आत. बादलीवर बसून काही होणार नाहीये. त्या पोरीला फोन कर आणि सांग, म्हातारी चुकली म्हणून."

फोन करायचं ठरलं दुसऱ्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दाराशी एक बाई उभी राहिली. साठीच्या पुढची, उंच, काळी, निळा कोट घातलेली, काखेत पुस्तक.

"मिस व्हर्ना? मी ओडेसा प्रुइट. ल्यूथर प्रुइटची मुलगी."

 ल्यूथर प्रुइटचं सलून चौथ्या रस्त्यावर होतं. त्या वर्षांत व्हर्ना समोरच्या लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. तिच्या खिडकीतून ते सलून आरपार दिसे: लाल खुर्ची, वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा, पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी. पुस्तकात तिनं नाव तेवढं बदललं होतं. खुर्ची, पट्टा, बरणी, सगळं तसंच ठेवलं होतं, आणि त्याची मान एका बाजूला कलती करून ऐकायची सवयसुद्धा.

पॉलीनं पाहुणीला खुर्ची दिली, अक्रोडाची गुंडाळी कापून पुढे ठेवली आणि कधी नव्हे ती गप्प बसली.

"मी साप्ताहिकात वाचलं," ओडेसा म्हणाली. "की माझ्या वडिलांना खुनी करायचा तुमचा विचार नव्हता. तुम्हाला भाग पाडलं."

"ते खोटं आहे," व्हर्ना म्हणाली. तिला वाटलं होतं हे सांगायला तासभर लागेल. "मला कुणी भाग पाडलं नाही. कालच मला माझंच पत्र सापडलं. उलट त्यांनी दुसरा खुनी सुचवला होता, मीच नको म्हणाले. मी मुद्दाम खोटं बोलले नाही हो. मला खरंच तसंच आठवत होतं."

ओडेसानं मान हलवली. राग आलाय की बरं वाटलंय, काही कळायला मार्ग नव्हता.

"पुस्तक आलं तेव्हा गिऱ्हाइकं पपांना अ‍ॅबनर म्हणायला लागली," ती म्हणाली. "गंमत म्हणून. 'अ‍ॅबनर, आज वस्तरा गरम आहे की थंड?' पपा हसायचे. पुढं गोरी गिऱ्हाइकं येईनाशी झाली. मग पपांनीच एक प्रत आणली आणि दुकानात बसून वाचली. दोन दिवस वाचत होते. आईनं विचारलं, कसं आहे? तर म्हणाले, 'खुर्ची बरोबर लिहिलीय.' बास. पुढं कधी एक शब्द नाही."

"मी माफी मागते," व्हर्ना म्हणाली.

"माफीसाठी आले नाही मी." ओडेसानं काखेतलं पुस्तक टेबलावर ठेवलं. त्याच्या पाठीला चिकटपट्टी लावलेली होती. "ही त्यांचीच प्रत आहे. ते गेल्यावर मी हे वाचलं, तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते. मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे, आणि तीस वर्षं मी विचारायची टाळलीय. डिरेक्टरीचं तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"नवव्या प्रकरणातलं. टेलिफोनची डिरेक्टरी. पपांना एकाहत्तर साली ठाण्यावर नेलं होतं. कुठल्यातरी दुकानात चोरी झाली होती म्हणून. संध्याकाळी सोडलं. घरी येऊन म्हणाले, चौकशी केली आणि सोडलं. मरायच्या आदल्या आठवड्यात, हॉस्पिटलात, फक्त मला सांगितलं काय केलं ते. आईलाही सांगितलं नव्हतं. आणि तुमच्या पुस्तकात ते पंधरा-सोळा वर्षं आधीच छापलेलं. कुठून आलं ते?"

 पॉली व्हर्नाकडे बघत होती.

"मी तिथं होते," व्हर्ना म्हणाली.

आणि बोलताना तिलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. स्विचबोर्डची खोली आणि मागची खोली यांच्यामध्ये लाकडाची पातळ भिंत होती. नोव्हेंबर असावा, कारण हीटर लावलेला होता. भिंतीपलीकडून आवाज येत होता, गादी झोडपल्यासारखा. मग एक पोलीस बाहेर आला, तिच्या टेबलावरची डिरेक्टरी उचलली आणि म्हणाला, "आमची फाटली, व्हर्ना, तुझी दे." तिनं दिली.

"तुम्ही दिली," ओडेसा म्हणाली.

"हो."

"कशाला हवीय ते माहीत होतं?"

 व्हर्ना खरंच आठवणीत शोधत होती. "मला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "माहीत असणारच. नाहीतर दोन वर्षांनी मी ते लिहिलं कसं? पण लिहिताना हे तेच आहे असं मला वाटलं होतं का... तुमच्या वडिलांना मी दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघितलं असेल. आणि तरी पुस्तकात मी त्यांनाच दोषी केलं. कदाचित म्हणूनच केलं. तो दोषी असला म्हणजे मग भिंतीपलीकडचं सगळं बरोबरच झालं, नाही का? की हे मी आत्ता बनवतेय? ओडेसा, माझा माझ्यावर भरवसा उरला नाहीये. गेल्या आठवड्यात मी एक अख्खा माणूस बनवला होता, हिरव्या टायसकट."

"डिरेक्टरी तुम्ही बनवली नाहीत," ओडेसा म्हणाली. "ती मला पपांनी सांगितली. तेवढं खरं आहे."

तिनं मग तुकडा खाल्ला, सावकाश, आणि कॉफी घेतली. आणि जायच्या आधी आपलं म्हणणं सांगितलं. नव्या आवृत्तीत नववं प्रकरण बदलायचं नाही. "तुम्ही आता पोलिसाला खुनी केलंत तर माझे पपा निर्दोष मार खाणारे होतील. आधी ते दोषी मार खाणारे होते. मार आहेच. मला ते नको. ते प्रकरण आहे तसं राहू दे, आणि ते घडलं होतं असं तुम्ही तुमच्या नावानं लिहून द्या."

"ते पोलीस आता हयात नाहीत," पॉली पहिल्यांदाच बोलली. "एकाची बायको आमच्या बिंगोला येते, ओडेसा. भली बाई आहे."

"असेल," ओडेसा म्हणाली. "माझी आईही भली होती."

दुपारी व्हर्नानं मरीसाला फोन लावला आणि सगळं सांगितलं: मूळ प्रत, हॉवर्डचं पत्र, स्वतःचं उत्तर, भिंत, डिरेक्टरी. 

"थांबा हं," मरीसा म्हणाली. "म्हणजे दाबून टाकलेला शेवट नाहीच."

"नाही."

"पण जे प्रकरण आम्हाला काढावंसं वाटत होतं, ते खरं आहे."

"हो. फक्त उलटं लिहिलेलं."

"मिस ह्रोबाक, मला..." मरीसा थांबली. "मला आता हे वाचकांना कसं सांगायचं तेच कळत नाही. दाबलेला शेवट म्हणजे बातमी होती. हे काय आहे?"

"मलाही कळत नाहीये, बाळा," व्हर्ना म्हणाली. तिला त्या मुलीची दया आली.

प्रकाशनानं आठवडाभर विचार केला. त्यांच्या वकिलांनीही केला. मग एक फारच नम्र पत्र आलं, की सध्याच्या वातावरणात हे पुस्तक या वर्षीच्या यादीत घेणं योग्य ठरणार नाही, पुढं कधी पाहू. खाली मरीसानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: मी भांडले, पण कुणाच्या बाजूनं भांडतेय हेच मला नीट सांगता येईना. पॉलीनं पत्र वाचलं आणि म्हणाली, "पंच्याहत्तरमध्ये याच प्रकरणासाठी तुला डोक्यावर घेतलं होतं यांनी." यावर हसायचं की रडायचं, दोघींनाही ठरवता आलं नाही.

ओडेसाला व्हर्नानं कळवलं, की पुस्तक येत नाहीये, पण लिहून द्यायचं म्हटलं ते मी देईन. मग ओडेसा तीन मंगळवार आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हर्ना लिहायची आणि ओडेसा वाचून परत सरकवायची.

"'नोव्हेंबरच्या करड्या संध्याकाळी'," ओडेसा वाचायची. "ही कादंबरी झाली. करडी काढा."

"करडीच होती."

"असू दे. आणि 'कण्हण्याचा दबका आवाज'? ऐकला होता?"

व्हर्ना विचार करायची. "तो बहुतेक पुस्तकातला आहे."

"मग काढा."

असं करत करत चार पानांचं एक पान झालं. व्हर्नाला ते फार कोरडं वाटलं. आयुष्यात तिनं इतकं वाईट काही लिहिलं नव्हतं, असं ती पॉलीला म्हणाली. पॉली म्हणाली, "टाइप करून देऊ का? बोटं चालतात अजून."

एका शुक्रवारी सकाळी व्हर्ना आणि ओडेसा ते घेऊन कोर्टाच्या इमारतीत गेल्या. खिडकीमागच्या कारकुनानं कागद वाचला, मास्क नाकावर चढवला, पुन्हा वाचला.

"ही तक्रार आहे का?"

"कुणाविरुद्ध करणार?" ओडेसा म्हणाली. "सगळे गेले."

"मग साक्ष? खटला क्रमांक?"

"खटला नव्हताच कधी."

कारकुनानं छापील फॉर्मवर बोट फिरवलं. जमीन, वारसा, विवाह, मृत्युपत्र. शेवटी त्यानं 'इतर' या चौकटीत फुली मारली, व्हर्नाकडून त्याच्यासमोर सही करून घेतली, शिक्का मारला आणि एक प्रत ओडेसाला दिली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

बाहेरच्या व्हरांड्यात व्हर्ना मध्येच थांबली.

"एक राहिलं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशीचं. आत्ता आठवलं. दुकान अकराला उघडलं. एरवी सातला उघडायचं. माझी त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी घरीच होते, खिडकीत. त्यांनी एका गिऱ्हाइकाची दाढी केली आणि वस्तरा डाव्या हातात होता. मला वाटलं, हे डावखुरे कधीपासून झाले?"

ओडेसा जागच्या जागी उभी राहिली.

"उजवा खांदा महिनाभर वर जात नव्हता," ती म्हणाली. "आम्हाला म्हणाले, जिन्यावरून घसरलो."

"मग हे माझ्या डोक्यातलं नाही?"

"नाही."

व्हर्नाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच शरम वाटली. तिनं ओडेसाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून अजूनही काही समजत नव्हतं; या बाईशी आपली ओळख झालीय, वैर आहे की आणखी काही, हे तीन मंगळवारांनंतरही व्हर्नाला सांगता आलं नसतं.

"घालायचं का ते?" तिनं विचारलं.

"घालायलाच हवं."

दोघी परत खिडकीशी गेल्या. कारकून पाटी लावत होता. शिक्का मारलेल्या कागदात आता काही घालता येणार नाही, नवा फॉर्म भरावा लागेल, आणि तो जेवणाच्या सुट्टीनंतर, एक वाजता, असं त्यानं सांगितलं. ओडेसानं घड्याळ बघितलं आणि भिंतीलगतच्या लाकडी बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळानं तिनं बाकावर पसरलेला कोट जरासा आपल्याकडे ओढून घेतला, आणि व्हर्ना त्या मोकळ्या झालेल्या जागेवर बसली.